सहा-चाळीसची चौकी

४ नोव्हेंबर
स. ७.१५. मारुतीची चौकी काढली. पिवळ्यांचा एकच पहारेकरी होता, दांडगा, पण रात्रभर शिधा न मिळाल्यामुळे दमलेला. चार फटक्यांत पडला. माझा लाल बसवून घरी. चहा, दोन बिस्किटं. एकच खायला पाहिजे होतं.

अस्मितानं जूनमध्ये हा गेम फोनवर घालून दिला. म्हणाली, बाबा, गावातली देवळं, पुतळे, तालमी सगळ्या ह्यात चौक्या आहेत, तिथं प्रत्यक्ष चालत गेल्याशिवाय घेता येत नाहीत, निदान तुमची साखर तरी उतरेल. त्याच दिवशी आईला, म्हणजे सुमनला, घेऊन पुण्याला गेली. बाळंतपणासाठी, तीन महिने. सुमन अजून तिकडंच आहे. साखर थोडी उतरली आहे, एवढं खरं.

५ नोव्हेंबर
सं. ६.४१. मारुती परत पिवळी. तोच, चंद्री_७. काय नाव तरी. मी सकाळी काढायची, ह्यानं संध्याकाळी घ्यायची. दीड महिना हेच.

साडेसहाला सुमनचा फोन असतो त्यामुळं मी त्या वेळी घरातच. नातू दाखवला, झोपला होता. बोलता बोलता वरून संदेश सरकला, तुमचा पहारेकरी पडला. माझी नजर तिकडं गेली. "अहो, कुठं बघताय?" कुठं नाही म्हणालो. मग तिनंच आवरतं घेतलं.

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळी रंकाळ्यावर लालवाल्यांची बैठक. मी धरून बाराजण. माझ्याखालोखाल वयानं मोठा तो एकतीसचा. आमची म्होरकी स्नेहल, दातांची डॉक्टर आहे, बोलते मात्र फौजदारासारखी.

बेत असा. रंकाळ्याभोवती बारा चौक्या. बाराही लाल झाल्या की कडं जुळतं आणि आतलं सगळं तळं लालवाल्यांच्या नावावर लागतं. मोजणी महिन्याच्या शेवटच्या रविवारी, सं. ७ च्या ठोक्याला. त्या वेळी चौकी किमान अर्धा तास आपल्याकडं असली पाहिजे, नाहीतर धरत नाहीत. अकरा चौक्या आम्ही राखू शकतो. बारावी मारुती. ती ६.४० ला पिवळी होते. लगेच परत घेतली तरी अर्धा तास भरत नाही. म्हणजे चार महिने ह्या एका चंद्रीनं आमचं कडं तोडलंय.

स्नेहल म्हणाली, "काका, मारुती तुमच्या घराजवळ. त्या दिवशी साडेसहाला तिथं उभं राहून शिधा घालत राहाल का?" काम असतं त्या वेळेला, म्हणालो. बायकोचा फोन असतो म्हणायची लाज वाटली. रिटायर माणसाला रविवारी संध्याकाळी कसलं काम, असं कुणी विचारलं नाही. पोरं चांगली आहेत.

१२ नोव्हेंबर
पोरांची चूक सापडली. सगळे दांडगे पहारेकरी एकदम बसवतात, मग सगळे एकदम दमतात. पहारेकऱ्याची ताकद तासातासाला उतरते, मोठ्याची जास्त. त्यापेक्षा:
एक दांडगा, एक किडमिडीत, परत दांडगा. समोरचा किडमिडीतावर आपला चांगला गडी खर्ची घालतो.
शिधा चार तासांनी थोडा थोडा. पोटभर एकदाच नको.
हल्ला करायचा तो मोजणीच्या दिवशी दुपारी, जेवणाच्या वेळेला. पिवळेवाले तेव्हा झोपतात.
ग्रुपवर टाकलं. स्नेहलचं उत्तर: "काका भारी." एवढंच. तीनदा वाचलं.

कांदा-लसूण चटणीची बरणी निम्म्याच्या खाली गेली आहे. जाताना सुमननं काठोकाठ भरून ठेवली होती.

१६ नोव्हेंबर
मारुतीच्या वेळा वहीच्या मागच्या पानावर लिहितोय, गेल्या महिन्यापासून. सवय जात नाही. सदतीस वर्षं शिरोलीला फौंड्रीत तपासनीस होतो, हातात कायम व्हर्नियर. गेममधलं माझं नावही तेच, व्हर्नियर५६.

६.४०, ६.४१, ६.३९, ६.४०, ६.४२, ६.४०.

फोन आज नऊ मिनिटं. नातवाला सर्दी.

२० नोव्हेंबर
पस्तीस दिवसांची रीडिंग झाली. सगळ्यात लवकर ६.३८, सगळ्यात उशिरा ६.४४. एक दिवस खाडा नाही. दिवाळीतसुद्धा नाही. गेल्या महिन्यात एकदा परतीचा पाऊस धो धो झाला, त्या दिवशीही ६.४१.

कारखान्यात नवीन पोरांना मी एक शिकवायचो. दहा नगांचं माप अगदी तंतोतंत आलं की समजायचं, ह्यानं मोजलेलंच नाही, टेबलावर बसून लिहिलंय. माणसाच्या हाताला फरक असतोच. चंद्रीच्या हाताला फरक नाही. म्हणजे हा माणूस तिथं येतच नाही. कुठंतरी घरात बसून फोनला खोटी जागा दाखवतोय. तसली सोंगं करणारे असतात, पोरांनी सांगितलं होतं.

उगाच वाईट वाटलं. रोज कुणीतरी येतंय असं धरून चाललो होतो.

२१ नोव्हेंबर
ग्रुपवर मांडलं. एकदम खळबळ. स्नेहलचा फोनच आला, कौतुकानं बोलत होती. वहीच्या पानाचा फोटो मागितला. दिला. तारीख, वेळ, खाली सही. सही करायची गरज नव्हती. रीडिंगखाली सही करायची सवय.

२२ नोव्हेंबर
स्नेहलनं गेमच्या कंपनीकडं तक्रार घातली, माझं पान जोडून.
६.४०.

२६ नोव्हेंबर
सं. ६.४० झाले, ६.४५ झाले. काही नाही. मारुती लालच. सुमन विचारत होती, लक्ष कुठंय. आठ वाजता स्नेहलचा संदेश: चंद्री_७ चं खातं कायमचं बंद. पोरांनी फटाक्यांची चित्रं टाकली. मीही एक टाकलं.

३० नोव्हेंबर, रविवार
कडं जुळलं. ७ च्या ठोक्याला आख्खा रंकाळा लाल. मोजणीनंतर सगळे मिसळ खायला गेलो. स्नेहलनं सगळ्यांसमोर सांगितलं की हे काकांमुळं. टाळ्या. फोटो काढला, मला मधे उभं केलं. तर्रीचा ठसका लागला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, बरं झालं.

नऊच्या आत सगळे पांगले. पोरं कुठं कुठं अजून जाणार होती. मी आलो.

३ डिसेंबर
स. ७.१५ ला गेलो. माझा पहारेकरी जागेवर. काढायला काही नाही. पाच मिनिटं उभा राहिलो, परत आलो. तीनशे पावलं कमी.

७ डिसेंबर
सकाळी गेलो नाही. कशाला जायचं?

फोन सहा मिनिटं. सुमन म्हणाली, अस्मिताची रजा संपतेय, आता मार्चपर्यंत तरी बाळाला बघायला मी लागणारच. बरं म्हणालो. मग म्हणालो, चटणी संपत आली. ती म्हणाली, विकतची आणा थोडी. तिला मी काय सांगत होतो ते कळलं नाही. मीही नीट सांगितलं नाही. एकट्यानं घर अंगावर येतं, एवढं वाक्य आहे, पण तोंडातून बाहेर पडत नाही.

११ डिसेंबर
आज जे झालं ते नीट लिहितो.

अस्मिताच्या सासरचे पाहुणे आले होते, म्हणून आज फोन नाही असं सुमननं दुपारीच कळवलं. साडेसहाला घर खायला उठलं. चप्पल घातली आणि मारुतीकडं गेलो. ह्या वेळेला तिकडं मी वर्षानुवर्षं गेलो नव्हतो.

मारुतीच्या समोर दूध कट्टा. कट्टा कुठं असतो हे मला काय नवीन नाही, लहानपणी वडील न्यायचे, म्हशी ओळीनं उभ्या, समोर धार काढून फेसाळतं दूध ग्लासात. पण इतक्या वर्षांत डोक्यातूनच गेलं होतं. सहा-सात म्हशी होत्या. कडेच्या म्हशीजवळ एक माणूस, पन्नाशीचा, गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत फोन. म्हशीपुढं पेंडीची पाटी ठेवली आणि फोन उघडला. मी मागंच होतो. आमचाच नकाशा. त्यावर करडी पट्टी, खातं बंद.

त्यानं पट्टीवर दोनदा बोट मारून बघितलं आणि फोन परत पिशवीत टाकला.

मी माझा फोन खिशात घालायच्या आत त्यानं बघितलं. "पावणं, तुमीबी खेळताय व्हय?"
व्हय म्हणालो.
"मी खेळलतो चार वर्सं. पंधरा दिस झालं, बंद क्येलं खातं. खोटी जागा दाखवतोय म्हणं मी." म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "हितनं कुठं हाललोय मी? हिला इचारा."

म्हशीचं नाव चंद्री. हिच्या आधीच्या सहा चंद्र्या झाल्या, ही सातवी.

वेळेचं मी विचारलंच नाही, त्यानंच सांगितलं. म्हशीला एकदा वेळेची सवय लागली की ती पुढंमागं खपवून घेत नाही. दिवाळी असो, पाऊस असो. साडेसहाला कट्ट्यावर, पाटी पुढं ठेवायची, ती पेंड खात खात पान्हा सोडते. त्याला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढीच ह्याची मोकळी. तेवढ्यात चौकी घ्यायची. मग हात गुंतले की गिऱ्हाईक संपेपर्यंत सुटका नाही.

ग्लास घरून न्यायचा असतो, मी नेला नव्हता. त्यानं त्याचा दिला. दूध गरम होतं.

नाव बसाप्पा. सगळे बसूअण्णा म्हणतात. गवळ्याचंच घर, पिढ्यान्‌पिढ्या म्हशी. आई निपाणीकडची, त्यामुळं म्हशीशी कानडीत बोलतो, माणसांशी मराठीत.

१२ डिसेंबर
सदतीस वर्षं मी नग हातात घेऊन मोजला. न बघता कधी शेरा मारला नाही. ह्या खेपेला घरात बसून मारला, आणि दुसऱ्यावर आळ घातला की तो घरात बसून खेळतो.

जेवण केलं नाही. रागानं नाही, सुचलंच नाही.

१३ डिसेंबर
सुमनला म्हणालो, उद्यापासून फोन आठला कर. "का ओ? इतकी वर्षं मी सांगून तुम्ही जेवणाची वेळ बदलली नाही, आता एकदम फोनची?" कट्ट्यावर दूध प्यायला जातोय म्हणालो. हसली. खूप दिवसांनी तिला हसताना ऐकलं. बिनसाखरेचं प्या म्हणाली.

१७ डिसेंबर
चार दिवस रोज जातोय, ग्लास घेऊन. मी म्हशीच्या डोक्याकडच्या दगडावर बसतो. तो फार बोलत नाही, पण मी आलो की दगडावरची दोरी उचलून बाजूला ठेवतो, म्हणजे बसायला जागा.

आज विचारलं, नवीन खातं का उघडत नाही? म्हणाला, पाचव्या पायरीपर्यंत चौकीला हातसुद्धा लावू देत नाहीत, तोवर नुसतं चालायचं. "मी काय म्हशी घिऊन रंकाळ्याला येढं मारू?" बाकीची गिऱ्हाइकं हसली. तो नाही हसला.

२० डिसेंबर
आज तो आपणहून बोलला. धार काढता काढता, माझ्याकडं न बघता.
"पलीकडं एक लाल होता. व्हर्नियर. रोज सकाळी सव्वासातला माझा गडी पाडायचा. मी गल्लीत रतीब घालत असतोय त्या वक्ताला. फोन वाजला की म्हणायचो, उठला बगा गडी."
धार चालूच.
"एकदा दोन दिस आला न्हाय. मला आपलं वाटलं, आजारी पडला का काय. कोण कुठला ठावं न्हाय, तरीबी."

सप्टेंबरमध्ये मला ताप होता. दोन दिवस पडून होतो. कुणाला सांगितलं नव्हतं. सुमनला नाही, अस्मिताला नाही. त्यांनी काळजी करू नये म्हणून.

घरी येऊन अंधारातच बसलो. ह्या गावात मी उठलो की नाही हे बघणारा एकच माणूस होता.

२२ डिसेंबर
कंपनीला लिहिलं. रीडिंग बरोबर, निष्कर्ष माझा चूक, माणूस प्रत्यक्ष पाहिला, म्हशीसकट. अस्मिताकडून इंग्रजी करून घेतलं. तिनं विचारलं, बाबा, म्हशीचं पण टाकायचं का? टाक म्हणालो. तासाभरात उत्तर. निर्णय अंतिम आहे. माणसानं लिहिलेलं वाटलं नाही.

स्नेहलला फोन केला. तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं, आवाजावरून कळलं. पण म्हणाली, "काका, एकदा गेलेलं खातं परत येत नाही. आणि आपण तरी काय करणार, रीडिंग तुमचीच होती." खरं आहे ते.

२५ डिसेंबर
आज सांगणार होतो. गर्दी होती.

२६ डिसेंबर
आज गर्दी नव्हती. तरी नाही सांगितलं. त्यानं मला दगडावर बसायला पोत्याची घडी आणून ठेवली होती. थंडीची. त्यावर बसून कसं सांगायचं?

सांगितलं नाही तर काय होईल? काहीच नाही. रोज जाईन, दूध पिईन, दोन शब्द बोलीन. कुणाला कळणार नाही. हा हिशेब मी करतोय हेच वाईट आहे.

२७ डिसेंबर
सांगितलं.

पोत्यावर बसलो नाही, उभ्यानंच. "तक्रार माझ्या वहीतली. व्हर्नियर मीच."
त्याचे हात थांबले नाहीत. पान्हा सुटल्यावर थांबता येत नाही. चरवी भरली, फेस वर आला, मग म्हणाला, "तुमी व्हय. मला वाटलं कॉलेजचं कोणतर पोरगं असंल."
मी वेळांचं सांगू लागलो, पस्तीस दिवस, फरक नाही, म्हणून वाटलं. त्यानं ऐकून घेतलं.
"येकदा येऊन बगायचं की, सायेब. मारुतीम्होरं तर हुतो."

पावणं म्हणत होता, साहेब झालो. ग्लास पुढं केला होता तो तसाच होता माझ्या हातात. म्हणाला, चंद्री आज कमी देतेय. मागच्या बाईची किटली काठोकाठ भरून दिली.

२८ डिसेंबर, रविवार
मोजणीचा दिवस. अकरा चौक्यांवर अकराजण, मी मारुतीवर, आता संध्याकाळचा मोकळा आहे म्हणून. स्नेहलनं मुद्दाम दिली.

६.३० ला म्हशी आल्या. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. पाटी ठेवली, चंद्री खायला लागली. आणि तो नुसता उभा राहिला, हात मागं बांधून. ती चार-पाच मिनिटं. आता त्याला त्या वेळात करायला काही नाही. हे मी केलं.

६.४० ला माझा पहारेकरी माघारी बोलावला. हात आपोआप गेला वगैरे लिहिणार नाही, विचार करून केलं. चौकी रिकामी, ना लाल ना पिवळी. त्याला दिसणार नव्हतं, त्याचं खातंच नाही. दिसावं म्हणून केलंही नाही. ती वेळ त्याची होती, दुसऱ्याची असू नये असं वाटलं.

७ ला कडं तुटलं. फोन वाजत राहिला. स्नेहलनं एकच विचारलं, "काका, मुद्दाम केलंत?" हो म्हणालो.

२९ डिसेंबर
ग्रुपमधून काढलं. "काका भारी" तेही त्याबरोबर गेलं. त्यांचं काही चुकलं नाही, अकरा पोरं महिनाभर राबली होती.

आठला सुमनला सगळं सांगितलं. पहिल्यापासून, वहीच्या पानापासून. चाळीस मिनिटं. तिनं मधे बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवलं. शेवटी म्हणाली, "ताप आला होता ते मला का नाही सांगितलं?" एवढं सगळं ऐकून तिनं तेवढंच उचललं.

५ जानेवारी
कट्ट्यावर जात नाही. माझा रोजचा क्रम: स. ७.१५ मारुतीवर लाल पहारेकरी बसवायचा. सं. ६.३० ला घरातूनच माघारी बोलवायचा. बसवायला तिथं जावं लागतं, बोलवायला नाही. लालवाल्यांना महिनाअखेरीशिवाय मारुती लागत नाही, त्यामुळं मधे कुणी येत नाही. ह्याचा उपयोग शून्य आहे. करतोय.

१४ जानेवारी
तिळगूळ घेऊन कट्ट्यावर गेलो. विकतचा, सुमन नाही तर कोण करणार. पुढं केला. त्यानं घेतला, उघडून बघितलं, आणि सगळा चंद्रीला घातला. तिनं कागदसुद्धा चाटला. "तिला गोड लागतंय," म्हणाला. माझ्याशी म्हणाला का तिच्याशी, कळलं नाही. दगडावर दोरी पडलेली होती. उचलली नाही. मी आलो.

पण घेतला. नको म्हणाला नाही.

२५ जानेवारी, रविवार
मोजणी. लालवाल्यांनी मारुतीवर दोघं उभी केली होती, कडं जुळलं. नकाशावर घरातून बघितलं. किडमिडीत मधे, दांडगे दोन बाजूला. माझीच पद्धत वापरली. चांगलं वाटलं आणि वाईटही.

२ फेब्रुवारी
लालवाल्यांचे पहारेकरी दमून गेले. चौकी परत रिकामी. माझा क्रम सुरू.

आज सकाळी रतीब घालताना बसूअण्णा लांबून दिसला. सायकल नव्हती, चालत होता. नेहमी सायकल असते असं तोच म्हणाला होता. पंक्चर असेल.

सुमन म्हणाली, मार्चच्या पहिल्या आठवड्यात येऊन जाते, आठ दिवस. चटणी करून ठेवते. चटणीसाठी नको येऊस म्हणालो. मग कशासाठी, विचारलं तिनं. सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, एका दमात, जे डिसेंबरपासून तोंडातून निघत नव्हतं ते. मग म्हणाली, मलापण.

६ फेब्रुवारी
आज परत चालतच होता. दोन्ही हातांत किटल्या, गळ्यात फोनची पिशवी. रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं गेला. मान हलवली की नाही, नक्की सांगता येत नाही. अंतर जास्त होतं.

१० फेब्रुवारी
सं. ६.३० ला पहारेकरी बोलवायला विसरलो. खरंच विसरलो, आमटी उतू जात होती. ६.४७ ला फोन वाजला. तुमचा पहारेकरी पडला.

मारुती पिवळी.

नाव पाहुणा_४४१८. नाव न घालणाऱ्याला गेम आपणच असलं नाव लावतो. पाचवी पायरी, त्याच्याखाली चौकी घेताच येत नाही. पहारेकरी इतका किडका की माझा सकाळचा चहा व्हायच्या आत पडेल. माझ्या दांडग्याला ह्यानं कसं पाडलं कोण जाणे, बराच वेळ झुंजला असणार.

६.४७. त्याची मर्यादा ६.३८ ते ६.४४. तीन मिनिटं बाहेर. नवीन खातं असेल तर वेळ लागणारच. किंवा दुसराच कुणी असेल, गावात पिवळे काय कमी आहेत? कॉलेजचं एखादं पोरगं.

कट्टा पाच मिनिटांवर आहे. म्हशी अजून असतील. जाऊन बघता येईल, आणि त्यानंच सांगितलं होतं की येऊन बघायचं. चप्पल घातली होती. परत काढली. बघायला गेलो तर माझी ती तपासणीच होणार, आणि त्याला सांगायचं असेल तर त्यानं सांगावं, त्याच्या वेळेनं.

वेळ मागच्या पानावर लिहिली नाही. इथंच लिहिली.

सुमनला आठला सांगितलं. म्हणाली, तोच असेल. माहीत नाही म्हणालो.

सातचा गजर लावलाय. सव्वासातला जाऊन त्याचा गडी पाडायचा. उशीर करून चालणार नाही, रतिबाच्या वाटेवर कुणी फोन वाजायची वाट बघत असलं तर.